छापलेली किंमत आणि खरी किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियातल्या घरांवर जो मजकूर आला, त्याचा फोटो माझ्या धाकट्या बहिणीने नाशिकहून मला पाठवला. जुनाट घर, कित्येक वर्षांत रंगाचा हात नाही, बाथरूमला गुलाबी टाइल, आणि तरी मागितल्यापेक्षा काही लाख डॉलर जास्त देऊन लोकांनी ते उचललं, अशी ती हकिकत. तिकडचे लोक, त्यातही आपली आयटीतली मुलं, पैशाने वेडी झाली आहेत, असा एकूण सूर. फोटोखाली बहिणीने एवढंच विचारलं होतं, "दादा, खरं का रे हे?" तिचा मुलगा सॅन होजेत असतो. दोन वर्षांपूर्वी त्यानेही असंच एक घर मागितल्यापेक्षा जास्त देऊन घेतलं. तेव्हापासून आपला मुलगा फसला अशी तिच्या मनाला रुखरुख आहे.

तिला फोनवर तासभर जे सांगितलं, ते आपल्या वाचकांनाही सांगावंसं वाटलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मुलं आज इथे कॅलिफोर्नियात घर शोधत आहेत, आणि मागे राहिलेल्या आईवडिलांना त्या व्यवहारातला फक्त आकडा कळतो. आपल्या हकिकतीत जे घडलं म्हणून लिहिलं आहे, ते इथे दर आठवड्याला घडतं. त्यातून काढलेला अर्थ मात्र मला पटला नाही.

मी गेली २२ वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत विकाऊ घरांची तपासणी करतो. वडील पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, बांधकाम बघायची सवय त्यांच्याबरोबर साइटवर जाऊन लागली. इथली घरं लाकडी सांगाड्याची. बऱ्याच जुन्या घरांची जमीन मातीपासून दीड-दोन फूट उचललेली असते आणि खालच्या पोकळीला क्रॉल स्पेस म्हणतात. कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी एक फळी असते, ती उचलायची, टॉर्च घ्यायचा आणि पोटावर सरपटत आत जायचं. वरच्या बैठकीत फुलं ठेवलेली असतात, ताज्या रंगाचा वास असतो. खाली मात्र तुळईला वाळवी लागली आहे का, पाइप कुठे पाझरतोय, पाया कुठे तडकला आहे, हे सगळं उघड दिसतं.

आता एक घर सांगतो. २०२४ चा मे महिना, गाव सनीव्हेल. १९५६ साली बांधलेलं, तीन बेडरूम, दोन बाथरूम, सव्वाबाराशे चौरस फूट, सहा हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर. मालक यांत्रिक कारागीर होते. विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणारी लॉकहीड कंपनी १९५६ मध्ये या गावात आली, तिच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. १९६७ मध्ये हे घर घेतलं. पत्नी आधी गेली, मग एक्याण्णवाव्या वर्षी तेही गेले. पोर्टलँडला राहणारी त्यांची मुलगी घर विकायला आली होती आणि विक्रीआधीच्या तपासणीसाठी तिने मला बोलावलं होतं.

त्या घरात सगळं जुनं होतं. एका काचेच्या खिडक्या, अ‍ॅस्बेस्टॉसचा संशय यावा असं दाणेदार छत, मूळ बांधकामाच्या वेळचा विजेचा पॅनेल, आतून गंजून बारीक झालेले जस्ताच्या मुलाम्याचे पाइप. एका बाथरूममध्ये गुलाबी टाइल आणि तिला शोभेल असंच गुलाबी सिंक. पण फर्नेसच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या, कपाटाचं दार उघडलं आणि मी तिथेच थांबलो. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात फिल्टर बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या. पहिली ऑक्टोबर १९७१ ची, शेवटची मार्च २०२३ ची. मध्ये एका ओळीत "नवा फर्नेस, १९९४" अशी नोंद. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांवर खोलीचं नाव आणि साल. बेडरूमच्या कपाटातल्या गालिच्याचा कोपरा मी पकडीने उचलून बघितला, तर खाली ओकच्या लाकडाची मूळ जमीन, एक ओरखडा नाही. खाली सरपटून आलो. कोरडं ठाक. वाळवीची एक जुनी, उपचार केलेली खूण सोडली तर काही नाही.

"काय काय दुरुस्त करून घेऊ?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, गॅसच्या वॉटर हीटरची धुराची नळी सांध्यातून निखळली आहे, ती आज करा, कारण त्याने जीव जातो. बाकीचं आहे तसं राहू द्या. हे घर खोटं बोलत नाही.

हे मी तिला धीर द्यायला म्हटलं नव्हतं. जुन्या घराला भाव का येतो याचं एक कारण त्या पेन्सिलीच्या अक्षरात आहे. गुंतवणूकदार अशी घरं घेतात, चार महिन्यांत करड्या रंगाचं प्लास्टिकचं फ्लोअरिंग आणि पांढरी कपाटं बसवतात आणि पाच लाख वर लावून विकतात. वरचं सगळं चकचकीत, खालचा पाइप तोच, आणि गळतीचा डाग रंगाखाली झाकलेला. जाणतं गिऱ्हाईक अशा घराला बिचकतं. ज्या घरात एकच कुटुंब ५०-५५ वर्षं राहिलं, जिथे डाग डागासारखा दिसतो, तिथे आपण काय घेतोय ते त्याला कळतं. मग आपल्या आवडीचं किचन तो आपल्या पैशाने करतो. दुसऱ्याने केलेलं न आवडणारं किचन विकत घेऊन पुन्हा फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

त्या घराची जाहिरात लागली १९ लाख ९८ हजार डॉलरची. विकलं गेलं २५ लाख ९० हजारांना. म्हणजे जवळजवळ ३० टक्के जास्त. आपल्या पुरवणीला अशीच बातमी मिळाली असणार.

पण त्याच पंधरवड्यात, दोन गल्ल्या सोडून, तेवढ्याच प्लॉटवरचं तेवढंच घर, नवं किचन आणि नवी बाथरूम केलेलं, २६ लाख ९८ हजारांना लावलं होतं. ते २७ लाख ६० हजारांना गेलं. वाढ दोन-सव्वादोन टक्के. त्याची बातमी कोण छापणार? दोन घरांतला फरक १ लाख ७० हजारांचा, म्हणजे साधारण एक किचन, दोन बाथरूम आणि वायरिंग नवं करायला इथे जो खर्च येतो तेवढाच. ज्याने जुनं घेतलं त्याने बाजारभावापेक्षा जास्त दिलेलं नाही. दोन्ही घेणाऱ्यांनी आपापल्या घराचा रास्त भाव दिला. फक्त एका एजंटाने पाटीवर खरी किंमत लिहिली आणि दुसऱ्याने मुद्दाम कमी लिहिली.

मुद्दाम कमी का, ते सांगतो. लोक घर शोधतात ते फोनवर, वरची मर्यादा घालून. २० लाखांची मर्यादा घातलेल्या माणसाला १९ लाख ९८ हजारांचं घर दिसतं, २५ लाखांचं दिसत नाही. त्यामुळे शनिवार-रविवारच्या ओपन हाऊसला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तेव्हा, अंगणात माणूस मावत नाही. पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी दुपारपर्यंत बंद पाकिटासारख्या ऑफर घेतात. कोणाची किती ते कोणाला कळत नाही. मग वरच्या चार-पाच जणांना निरोप जातो की अजून काही वाढवता का. पाटीवरच्या किमतीला विकलंच पाहिजे असं कॅलिफोर्नियात विकणाऱ्यावर बंधन नाही, त्यामुळे कमी लिहिण्यात त्याला धोकाही नाही. हा लिलाव आहे आणि पाटीवरची किंमत म्हणजे लिलावाची पहिली बोली. जुनं घर फोटोत बरं दिसत नाही, म्हणून त्याची पहिली बोली आणखी खाली ठेवतात आणि मग टक्केवारी आणखी फुगते.

ही पद्धत मला आवडते असं नाही. वीस लाखांचीच ऐपत असलेली जोडपी लहान मुलाला कडेवर घेऊन त्या ओपन हाऊसला येतात, मुलाची खोली कुठली ते ठरवतात, रात्र जागून ऑफर लिहितात. ते घर पहिल्या दिवसापासूनच त्यांच्या हातातलं नव्हतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. मी तशी माणसं पाहिली आहेत आणि मला त्याचा राग येतो.

आता मूळ प्रश्न. २६ लाख डॉलर कशाचे?

आपल्याकडे प्रभात रोडवरचा जुना बंगला विकला जातो तेव्हा घेणारा भिंती बघत नाही, एफएसआय बघतो. इथेही घेणारा भिंतींचे पैसे देत नाही. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मालमत्ता कराच्या बिलावर जमिनीची किंमत आणि बांधकामाची किंमत वेगवेगळी छापलेली असते. नव्याने विकलेल्या अशा घरांची बिलं मी पाहतो तेव्हा मोठा वाटा जमिनीचाच असतो. बांधकाम जुनं होतं, झिजतं, त्याचा भाव उतरतो. जमिनीचा वाढतो. फरक एवढाच की आपल्याकडे बंगला पाडून सहा मजले चढवता येतात. इथे बहुतेक रस्त्यांवर आजवर एका प्लॉटवर एकच घर, हाच नियम होता. फक्त एकाच कुटुंबाची घरं, असा वेगळा विभाग १९१६ मध्ये जवळच्याच बर्कले शहराने आखला. त्या नियमामागे नको असलेल्या लोकांना लांब ठेवण्याचाही हेतू होता, हे त्याच शहराच्या परिषदेने २०२१ मध्ये ठराव करून मान्य केलं.

इथे थोडं विषयांतर करतो. १९४० च्या दशकातल्या एका घराची तपासणी करताना तिथल्या आपल्या भारतीय गिऱ्हाइकाने मला मूळ दस्त वाचायला दिला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की गोऱ्या वंशाखेरीज कोणीही या घरात राहू नये, घरकामाचे नोकर सोडून. अशा अटी न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं, आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभावच बेकायदा झाला. तरी ओळी कागदावर राहून गेल्या. तो मुलगा जळगावकडचा. वाचून गप्प झाला, मग म्हणाला, "काका, सही कुठे करायची ते दाखवा." त्याने घर घेतलं. अशा माणसाला पैशाने वेडा म्हणताना लिहिणाऱ्याने जरा थांबायला हवं होतं.

तर जमीन थोडी. त्यातही ही सगळी खोरं १९५० च्या सुमारापर्यंत जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांची होती. बागा तोडून १९५० आणि ६० च्या दशकांत घरांच्या ओळी उठल्या आणि मग मोकळी जागा संपली. मी सांगतो त्या घराच्या मागच्या अंगणात बागेच्या वेळचं जर्दाळूचं एक झाड अजून होतं. नोकऱ्या मात्र वाढतच गेल्या. अ‍ॅपल शेजारच्या क्युपर्टिनोत, गूगल शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये. त्यात शाळांच्या हद्दी. सनीव्हेलमध्ये असे रस्ते आहेत जिथे एका बाजूची मुलं क्युपर्टिनोच्या नावाजलेल्या शाळांत जातात आणि समोरच्या बाजूची दुसरीकडे. घरं एकाच बिल्डरने एकाच साली बांधलेली असतात, पण भावात लाखोंचा फरक पडतो.

आणि जी घरं आहेत ती विकायला निघत नाहीत. माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे, आणि आपल्या मजकुरात याचा एक शब्द नव्हता.

जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ नावाचा कायदा केला. मालमत्ता कराचा मूळ दर किमतीच्या १ टक्का, आणि करासाठी धरलेली घराची किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार. बाजारभाव कितीही चढो, घराची मालकी बदलेपर्यंत ती नव्याने लावायची नाही. जुन्या मालकांच्या घरांची किंमत १९७५ च्या पातळीवर नेऊन बांधली. आता त्या कारागिराचं गणित करा. १९७५ मध्ये घर ४५ हजारांचं धरा. दरवर्षी पूर्ण २ टक्के चढवले तरी २०२४ मध्ये कागदावर ते १ लाख १९ हजारांच्या आसपास येतं. कर वर्षाला बाराशे डॉलर, वर थोडे स्थानिक आकार. ज्या जोडप्याने ते घेतलं त्यांचा कर २५ हजार ९०० पासून पुढे. तेच घर, तोच रस्ता, तोच कचऱ्याचा ट्रक.

म्हातारा माणूस मग घर का सोडेल? विकलं तर नफ्यावर केंद्राचा कर आहे. नवरा-बायकोला ५ लाखांपर्यंत आणि एकट्याला अडीच लाखांपर्यंत सूट आहे, पण हे आकडे १९९७ पासून बदललेले नाहीत. १९६७ मध्ये २६ हजारांत घेतलेल्या घरात २५ लाखांचा नफा निघतो. तेच घर मरेपर्यंत ठेवलं तर वारसाची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात आणि तो सगळा नफा करातून सुटतो. कायदाच त्याला सांगतो की बाबा, इथेच राहा.

म्हणून घर बाजारात येतं ते बहुधा मालक गेल्यावर. नव्वदीच्या माणसाने शेवटच्या वीस वर्षांत किचन कशाला बदललं असेल? म्हणून ते जुनाट. मुलं दुसऱ्या राज्यात, म्हणून आहे त्या स्थितीत विकायचं. पूर्वी मुलं आईवडिलांचा कमी कर पुढे चालवून घर भाड्याने देऊ शकत. फेब्रुवारी २०२१ पासून प्रपोझिशन १९ ने ते बंद झालं. मुलाने स्वतः तिथे राहायला यायला हवं, आणि तेही काही मर्यादेपर्यंतच. त्यामुळे वारस विकून मोकळे होतात. जुनाट घर आणि विक्री यांची गाठ अशी कायद्याने घातलेली आहे. तरुण मालकही हलत नाहीत, त्याचं कारण वेगळं. जानेवारी २०२१ मध्ये ३० वर्षांच्या गृहकर्जाचा देशाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ वर गेला. पावणेतीन टक्क्यांचं कर्ज मोडून सात टक्क्यांचं कोण घेईल?

मीही या कायद्याचा लाभार्थी आहे, हे लपवणार नाही. आम्ही फ्रीमॉन्टचं घर १९९८ मध्ये घेतलं. शेजारी तीन वर्षांपूर्वी आलेलं लातूरचं जोडपं माझ्या कित्येक पट कर भरतं. दोघांच्या गच्चीवर तेच ऊन पडतं. माझ्या कामामुळे मला ही गोष्ट रोज दिसते आणि ती मला न्याय्य वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला करापायी घर सोडावं लागू नये हे मला मान्य आहे, पण त्याचं सगळं ओझं नव्याने येणाऱ्यावर टाकलं गेलं आहे. या भागातल्या शाळांत शिकवणारी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी माणसं ट्रेसी आणि मँटेकाहून डोंगर ओलांडून पहाटे चारला गाडी काढतात. त्यांच्या शाळेतली मुलं ज्या रस्त्यावर राहतात, तिथे त्यांना राहता येत नाही.

थोडं बदलतंय. २०२० पासून मागच्या अंगणात ८०० चौरस फुटांपर्यंतचं छोटं घर बांधायला गावाला सहसा अडवता येत नाही. हद्दीपासून चार फूट सोडले की पुरे. आपल्या मुलांना हे फार उपयोगी पडतं. आईवडील सहा महिने येतात तेव्हा त्यांना स्वतःचं दार, स्वतःचं स्वयंपाकघर मिळतं. त्या गुलाबी बाथरूमच्या घरासाठी ज्या अकरा ऑफर आल्या, त्यातल्या काहींनी नक्कीच जर्दाळूच्या झाडाशेजारची जागा पावलांनी मोजली होती. मी तिथे असताना एक जण मोजत होता. २०२२ पासून एक प्लॉट विभागून दोन करण्याचाही कायदा आहे, पण माझ्या कामात तसा विभागलेला प्लॉट क्वचितच दिसला.

काही घरांना तर जुनेपणामुळेच भाव असतो. जोसेफ आइकलर नावाच्या बिल्डरने कॅलिफोर्नियात सुमारे ११ हजार घरं बांधली, त्यातली बरीच सनीव्हेल आणि पालो अल्टोत आहेत. सपाट छप्पर, मध्ये उघडा चौक, मागची अख्खी भिंत काचेची, लाकडी पॅनेल, जमिनीच्या काँक्रीटमध्ये गरम पाण्याच्या नळ्या. मधला चौक पाहून मला दर वेळी आजोळचा वाडा आठवतो. ज्या काळात भोवतालचे बिल्डर वर्ण बघून घर विकत होते, त्या काळात हा माणूस सगळ्यांना विकत होता. त्या घरांत कोणी नवं काही न केलेलं असेल तर घेणारे दोन पैसे जास्त देतात.

आता भाच्याबद्दल, कारण बहिणीची रुखरुख पूर्ण चुकीची नाही.

त्याच्या आणि सूनबाईच्या आठ ऑफर फेटाळल्या गेल्या होत्या. नवव्या वेळी त्यांच्या एजंटाने सांगितलं, तपासणीची अट (तपासणीत काही निघालं तर माघार घेण्याची मुभा) काढून टाका, नाहीतर हेही जाईल. त्यांनी काढली. मला कळवलंही नाही. मी वीस मैलांवर राहतो आणि हेच काम करतो. घर मिळालं. पहिल्या मोठ्या पावसात शॉवरच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. ड्रेनेजच्या पाइपात कॅमेरा घातला तेव्हा मी शेजारी उभा होतो. मातीच्या नळांचे तुकडे जोडून केलेला पाइप, दर सांध्यातून रस्त्यावरच्या झाडाची मुळं आत शिरलेली, दाट, केसांच्या बुचड्यासारखी. एका जागी नळ पार खचला होता. पाइप नवा टाकायला २१ हजार डॉलर लागले आणि तेव्हा सूनबाईला सातवा महिना होता. भाचा म्हणाला, "मामा, वेळच नव्हता हो." मी काही बोललो नाही. पोरांना त्या दिवशी बोलून काय उपयोग होता?

घराची किंमत त्याने चुकीची दिली नाही, हे मी बहिणीला पुन्हा पुन्हा सांगितलं. चूक तपासणी सोडण्यात झाली. या भागात विकणारा स्वतःच तपासणी करून घेतो आणि दीडशे-दोनशे पानांचे अहवाल सगळ्यांना पाठवतो, त्यामुळे अट काढणं दिसतं तेवढं अविचाराचं नसतं. पण त्या साध्या तपासणीत ड्रेनेजच्या पाइपात कॅमेरा घालणं सहसा नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. भाच्याने अहवाल वाचला होता. त्यात पाइपाचा उल्लेखच नव्हता, आणि उल्लेख नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ज्यांची मुलं घर शोधत आहेत त्यांनी मुलांना एवढं जरूर कळवावं: ऑफर देण्याआधी एका तासासाठी तपासनीस घरात फिरवून आणा, विकणारे बहुतेक वेळा परवानगी देतात. १९७० च्या आधीचं घर असेल तर ड्रेनेजचा कॅमेरा आणि विजेचा पॅनेल या दोन गोष्टी सोडू नका. आणि तपासनीस अनुभव विचारून निवडा, कारण कॅलिफोर्नियात या कामाला सरकारी परवाना लागत नाही, उद्या कोणीही टॉर्च घेऊन उभा राहू शकतो.

संपादक महाशय, आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी "मागितल्यापेक्षा इतके टक्के जास्त" अशी बातमी आली, तर त्या घराच्या आसपासची तीन घरं मागच्या तीन महिन्यांत कितीला विकली गेली तेही सोबत छापावं. काउंटीच्या नोंदींत आणि घरांच्या संकेतस्थळांवर ते कोणालाही बघता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. नाशिकला, साताऱ्याला, अकोल्याला ती बातमी वाचणारी एखादी आई त्या रात्री नीट झोपेल.

आपला,
एक वाचक
फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)